रात्रीचा भात सोडला

आजाराबद्दल बोलताना मराठी माणूस सहसा संकोचत नाही. गुडघा बदलला असेल तर सांधा कुठल्या बनावटीचा, किती लाखांना पडला आणि 'तुमचं हाड अजून पंचविशीतल्या पोराचं आहे' असं डॉक्टर कसे म्हणाले, हे सगळं लग्नाच्या पंगतीत शेजारच्याला मठ्ठा संपायच्या आत कळतं. बायपासचा व्रण दाखवायला सदऱ्याची बटणं आपणहून निघतात. मूळव्याधीवरचा घरगुती उपाय तर पुण्याहून मुंबईला निघालेल्या गाडीत अनोळखी सहप्रवाशालाही कर्जत यायच्या आत मिळालेला असतो, त्यानं मागितला नसला तरी. अशा या मोकळ्याढाकळ्या समाजात सध्या एकच औषध असं आहे की ज्याचं नाव कुणी घेत नाही. माणूस वर्षभरात पंधरा किलोंनी उतरतो, शर्टाची कॉलर मानेभोवती सैल फिरू लागते, पट्ट्याला घरच्या घरी खिळ्यानं दोन नवी भोकं पाडली जातात, आणि विचारलं की उत्तर ठरलेलं: 'काही नाही हो. सकाळी चालतो, आणि रात्रीचा भात सोडला.' घरच्या फ्रिजमध्ये, कोथिंबिरीच्या जुडीमागे, २ ते ८ अंश तापमानात जपून ठेवलेल्या पेनाचा त्या उत्तरात उल्लेख नसतो.

थाप तशी निरुपद्रवी वाटते, पण तिच्यात एकाच वेळी तिघांवर अन्याय होतो. इंजेक्शनचं श्रेय जातं. चालण्याला नको ते श्रेय मिळतं, आणि त्याचं जे खरं काम आहे त्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. आणि भात! कोकणात पिढ्यान्‌पिढ्या दोन्ही वेळा भात खाऊन माणसं काटकुळीच राहिली, तरी त्याला साक्षीपुराव्याविना शिक्षा होते. शिवाय ऐकणाऱ्याचं काय होतं ते वेगळंच. तो बिचारा दुसऱ्या दिवशी बूट घेतो, पहाटे उठतो, रात्री वरणात नुसती पोळी कुस्करून खातो, आणि तीन महिन्यांनी काट्यावर उभा राहिला की काटा जेमतेम किलोभर खाली. त्याचा निष्कर्ष एकच: माझ्यातच काही दम नाही. माझं म्हणणं असं आहे की या इंजेक्शनांबद्दलचा आपला बराचसा गोंधळ वैद्यकीय नाहीच, तो श्रेयाच्या वाटपाचा आहे. औषधानं काय केलं, व्यायामानं काय केलं आणि ताटानं काय केलं हे वेगवेगळं नीट सांगितलं, तर निम्मे वाद बसल्या जागी मिटतील. उरलेले निम्मे आपण मिटू देणार नाही, ती गोष्ट वेगळी.

लपवालपवीचं कारण शोधायला लांब जायला नको. आपल्याकडे वजन हा चारित्र्याचा दाखला आहे. पूर्वी तो उलट्या बाजूनं वाचत: पोट सुटलं की 'अंगानं सुधारला' म्हणत, आणि जावयाच्या घेरावरून सासऱ्याला त्याच्या पगाराचा अंदाज येई. मग हवा फिरली. २०१८ च्या सुमारास डॉ. जगन्नाथ दीक्षित आणि ऋजुता दिवेकर यांच्या आहारपद्धतींवरून महाराष्ट्रात घरोघरी वाद पेटले. एकीकडे दिवसातून दोनदाच, तेही ५५ मिनिटांत जेवण उरकायचं आणि ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचं. दुसरीकडे थोडंथोडं खायचं, आपल्या मातीतलं खायचं आणि तुपाला घाबरायचं नाही. नवरा दीक्षित आणि बायको दिवेकर असलेल्या घरात स्वयंपाकघर कधी बंदच होत नसे. दोन्ही पंथांच्या अनुयायांचं एका गोष्टीवर मात्र एकमत होतं: बारीक होणं हे तपाचं फळ, आणि न होणं म्हणजे तपात खोट. कोलेस्टेरॉल वाढलं तर ते आईकडून आलेलं असतं. थायरॉइड बिघडलं तर नशिबाचा भाग. वजन वाढलं तर मात्र ते ज्याचं त्यानं खाल्लेलं असतं. अशा समजुतीत आठवड्यातून एकदा पोटाला सुई टोचून बारीक होणं म्हणजे कॉपी करून पास होणं. आणि कॉपी करून पास झालेला मुलगा 'खूप अभ्यास केला' असंच सांगणार, त्यात नवल नाही.

आता पुरावा बघू. सेमाग्लुटाइड या औषधाची वजनासाठीची मुख्य चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. १,९६१ माणसं, मधुमेह नसलेली, सरासरी वजन १०५ किलो, कालावधी ६८ आठवडे. औषध घेणाऱ्यांचं वजन सरासरी १४.९ टक्के उतरलं, हे वर्तमानपत्रांतून सगळ्यांनी वाचलं. माझ्या मते वाचण्यासारखा भाग दुसऱ्या गटाचा आहे, ज्यांच्या सुईत औषध नव्हतं. त्यांना काही वाऱ्यावर सोडलेलं नव्हतं. दोन्ही गटांना रोज ५०० कॅलरी कमी खायला सांगितलं होतं, आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम सांगितला होता, आणि दर चार आठवड्यांनी समुपदेशक त्यांची चौकशी करत होता. आपले फॅमिली डॉक्टर पुढच्या पेशंटची चिठ्ठी हातात घेता घेता 'जरा तोंडावर ताबा ठेवा, चालत जा' म्हणतात, त्याच्या कितीतरी पट ही मेहनत. आणि एवढं करून या गटाचं वजन उतरलं किती? २.४ टक्के. शंभर किलोच्या माणसाचं अडीच किलोसुद्धा नाही. लक्ष्मीपूजन ते भाऊबीज एवढ्यात भरून निघेल. पुढच्या वर्षी टर्झेपाटाइड या अशाच दुसऱ्या औषधाची ७२ आठवड्यांची चाचणी आली आणि सर्वांत मोठ्या मात्रेला २०.९ टक्क्यांची घट दिसली. सल्ला दोन्ही गटांना सारखाच, माणसं सारखीच, फरक फक्त सुईतल्या थेंबाचा. मग १४.९ मधून २.४ वजा केल्यावर जे उरतं, ते रात्रीच्या भाताच्या नावावर कुठल्या नियमानं टाकायचं?

शिस्तप्रिय मंडळींचं उत्तर तयार असतं: त्या दुसऱ्या गटानं सल्ला मनापासून पाळला नसेल. नसेलच पाळला. पण का? १९४४-४५ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं. तत्त्वासाठी युद्धावर जायला नकार दिलेली ही माणसं, म्हणजे निश्चयाच्या बाबतीत तुमच्याआमच्यापेक्षा चार पायऱ्या वरच. त्यांची वजनं उतरली, पण डोक्यात अन्नाशिवाय दुसरं काही उरलं नाही. ती पाककृतींची पुस्तकं वाचू लागली, ताटं चाटू लागली. अर्धपोटी शरीर असंच वागतं, आणि त्याच्यापुढे नुसत्या निर्धाराचं फार दिवस चालत नाही. जेवल्यावर आपल्या आतड्यातून जीएलपी-१ नावाचं एक संप्रेरक सुटतं. ते मेंदूला 'बास' म्हणतं, जठराला 'सावकाश' म्हणतं, आणि दोनेक मिनिटांत त्यातलं निम्मं संपूनही जातं. उकडीच्या मोदकांचं ताट समोर आल्यावर दोन मिनिटांच्या निरोपाचं बळ ते किती? औषधानं केलं ते एवढंच की तोच निरोप आठवडाभर टिकवला. या घराण्यातलं पहिलं औषध २००५ मध्ये मधुमेहासाठी आलं, आणि त्याचं मूळ गिला मॉन्स्टर नावाच्या विषारी अमेरिकी सरड्याच्या विषात होतं, न्यूयॉर्कच्या डॉ. जॉन एंग यांनी ते १९९२ मध्ये शोधलं. हा सरडा वर्षातून मोजक्याच वेळा जेवतो. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर त्याचा मठ निघाला असता. औषध घेणारे जगभर जे सांगतात तेही या निरोपाशी जुळतं. मनोबल वाढलं असं फारसं कुणी म्हणत नाही; डोक्यातली खाण्याची भुणभुण थांबली, असं म्हणतात. दुपारी चारला डब्यातल्या शंकरपाळ्यांची आठवणच होत नाही. ज्यांना ती कधीच होत नव्हती अशी काही भाग्यवान माणसं जन्मापासून आपल्यात आहेत, आणि इतकी वर्षं तीच आपल्याला संयमाबद्दल व्याख्यानं देत आली.

इथवर वाचून कुणी बूट माळ्यावर टाकायला निघालं असेल तर त्यानं थांबावं. 'मग चालायचं कशाला?' हा आक्षेप रास्त आहे, आणि त्याचं उत्तर डेन्मार्कमध्ये मिळतं. तिथे १९५ लठ्ठ माणसांना आधी आठ आठवडे रोज ८०० कॅलरींवर ठेवून वजन उतरवलं, मग त्यांचे चार गट केले: एकाला नुसता व्यायाम, दुसऱ्याला नुसतं लिराग्लुटाइड हे रोज घ्यायचं इंजेक्शन, तिसऱ्याला दोन्ही, चौथ्याला कोरं इंजेक्शन. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेला वर्षभराचा निकाल असा की वजन टिकवण्यात दोन्ही करणारे सर्वांत पुढे, आणि शरीरातली चरबी कमी होण्याचं त्यांचं प्रमाण एकेकटा उपाय करणाऱ्यांच्या जवळपास दुप्पट. खरी गंमत नंतरची. औषध आणि देखरेखीखालचा व्यायाम, सगळंच बंद केलं आणि आणखी एका वर्षानं माणसं पुन्हा तपासली. नुसत्या औषधावर असलेल्यांचं वजन मोठ्या प्रमाणात परतलं होतं. व्यायामाची जोड असलेल्यांनी बरंच राखलं होतं. म्हणजे चालण्याचं काम वजन उतरवण्याचं नाहीच. पाऊण तासाच्या फेरीत दोनेकशे कॅलरी जळतात आणि फेरीनंतर कट्ट्यावरच्या एका वडापावात त्या व्याजासकट परत येतात, हे प्रत्येक मॉर्निंग वॉक मंडळाला मनातून ठाऊक आहे. चालण्याचं काम उतरलेलं वजन उतरलेलं ठेवण्याचं आणि उतरताना शरीराचा योग्य तोच भाग उतरेल हे पाहण्याचं. हे काम मोठं आहे, पण बिनचमकीचं. त्याचे आधीचे-नंतरचे फोटो निघत नाहीत, म्हणून त्याला भलतंच श्रेय देऊन आपण त्याची भरपाई करतो.

योग्य तोच भाग, हे मुद्दाम म्हटलं. काट्याला चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही. सेमाग्लुटाइडच्या त्याच चाचणीत काही जणांच्या शरीराची मोजणी केली तेव्हा उतरलेल्या वजनातलं सुमारे ४० टक्के चरबीखेरीजचं निघालं. टर्झेपाटाइडच्या चाचणीत ते प्रमाण चतुर्थांशाच्या आसपास होतं. यातला सगळा भाग स्नायूंचा नसतो, आणि कुठल्याही मार्गानं वजन उतरलं तरी काही स्नायू जातातच. पण जायला मुळात असावे लागतात, आणि इथे आपली पंचाईत आहे. २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोन मित्रांचा शेजारीशेजारी काढलेला फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, अगदी सारखा, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत याज्ञिकांनी केलेल्या अभ्यासात तर नुकती जन्मलेली बाळंही तशीच निघाली: इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजनानं बरीच हलकी, पण त्वचेखालची चरबी मात्र राखून. आपण वरून सडपातळ आणि आतून गुबगुबीत आहोत, हे पुणेकरानं स्वतःच्या अंगावरून सिद्ध करून जगातल्या आघाडीच्या नियतकालिकात छापून आणावं, याला मोठा दिलदारपणा लागतो. म्हणून तर भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा ३० ऐवजी २५ बीएमआयवर ओढतात. ज्याच्याकडे स्नायूंची शिल्लक पहिल्यापासून बेताची, त्याने नुसती सुई टोचून पंधरा किलो उतरवले, तर काट्यावर तो विजेता दिसेल आणि जिना चढताना कठड्याला धरेल.

त्यात आपलं ताट. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीत आपल्या रोजच्या कॅलरींपैकी ६२ टक्के पिष्टमय पदार्थांतून येतात आणि प्रथिनांतून जेमतेम १२ टक्के, असं दिसलं. सकाळी पोहे, दुपारी पोळी-भाजी-भात, चारला चहाबरोबर टोस्ट, आणि या सगळ्याला 'घरचं साधं जेवण' म्हणायचं. आता इंजेक्शननं भूक निम्मी केली. निम्मं ताट गेलं. पण कुठलं निम्मं? औषध 'बास' म्हणतं, 'काय बास' ते सांगत नाही. अनुभव असा की पोळी थांबते ती शेवटी आणि उसळीची वाटी आधी परत जाते, कारण ती पचायला जड वाटते. मग उरतं ते वरण, ज्यात अनेक घरांतून डाळ ही केवळ रंगापुरती असते. तज्ज्ञ अशा काळात शरीराच्या दर किलोला एक ते दीड ग्रॅम प्रथिनं घ्यायला सांगतात. सत्तर किलोच्या माणसानं ही भरती पातळ वरणावर करायची ठरवली तर त्याला आंघोळीची बादली लागेल. म्हणजे ताटातली उतरंड उलटी करायला हवी: आधी मटकीची उसळ, कुळथाचं पिठलं, अंडी, मासळी, घट्ट दही; मग जागा उरली तर पोळी, आणि हो, भातसुद्धा. तसंच व्यायामाचं. चालणं चांगलंच, पण स्नायू राखायचे तर त्यांना ओझं द्यावं लागतं. ज्या मुलखात गावोगावी तालमी होत्या आणि जोर-बैठकांचे आकडे पोरं अभिमानानं सांगत, तिथे पन्नाशीच्या बाईनं डंबेल उचललं की 'आता या वयात काय पैलवान व्हायचंय?' असं विचारतात. पैलवान व्हायचं नसतं. ऐंशीव्या वर्षी भारतीय बैठकीच्या संडासावरून आपलं आपण उठायचं असतं.

आता दुसरा आक्षेप: हे सगळं आयतं आहे, यात कष्ट नाहीत. हा आक्षेप घेणाऱ्यांनी हे औषध घेणाऱ्याची पहिल्या आठ-दहा आठवड्यांची दिनचर्या पाहावी. मात्रा हळूहळू, महिन्या-महिन्यानं वाढवावी लागते, ती मुळात पोट बंड करतं म्हणून. मळमळ, कधी उलटी, कधी जुलाब, आणि अनेकांच्या वाट्याला बद्धकोष्ठता, जो विषय मराठी घरांत राजकारणापेक्षा जास्त चर्चिला जातो. पित्ताशयात खडे होण्याचा धोका आहे, क्वचित स्वादुपिंडाला सूज येते, आणि घराण्यात थायरॉइडचा मेड्युलरी प्रकारचा कर्करोग असेल तर हे औषध घ्यायचंच नसतं. पैशांचं तर विचारूच नका. मार्च २०२५ मध्ये टर्झेपाटाइड 'माउंजारो' या नावानं भारतात आलं तेव्हा ५ मिलिग्रॅमच्या एका आठवड्याच्या कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. म्हणजे महिन्याचे साडेसतरा हजार, कमी जेवण्यासाठी. इतके पैसे मोजून कमी जेवणं ही कल्पनाच मराठी मनाला इतकी असह्य आहे की त्या वेदनेनंच दोन किलो उतरावेत. बरं, क्षणभर मानू की आयतं आहे. रक्तदाबाची गोळी आयती नाही का? मीठ कमी करून, प्राणायाम करून रक्तदाब उतरवता येतो असं म्हणून गोळी घेणाऱ्याला कुणी कमअस्सल ठरवत नाही. २०२३ च्या एका मोठ्या चाचणीत, हृदयविकार असलेल्या पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ वजनदार माणसांत, सेमाग्लुटाइडनं हृदयविकाराचा झटका, पक्षाघात आणि हृदयविकारानं येणारा मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी घटवलं. ज्यांचा झटका टळला ते तो कष्टानं टळला की आयता, याची चौकशी करत नसावेत.

सोडलं की परत वाढतं, हा तिसरा आक्षेप खरा आहे आणि तो गोड बोलून टाळू नये. सेमाग्लुटाइडच्या त्या पहिल्या चाचणीतल्याच काही लोकांचं औषध थांबवून वर्षभरानं पाहिलं, तर उतरलेल्या वजनापैकी दोन-तृतीयांश परत आलं होतं. पण हा आक्षेप फक्त औषधावर का? दोनदाच जेवायचा नेम सोडला तरी वजन परत येतं. जिमची वार्षिक फी भरलेली असते आणि फेब्रुवारीत जिम सुटतं, तेव्हाही येतं. वजन परत येणं हा वजनाचा स्वभाव आहे, कारण अंगातली चरबी घटली की शरीराला तो दुष्काळ वाटतो. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेनं डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांबद्दल मार्गदर्शक सूचना काढल्या, तेव्हा लठ्ठपणाला दीर्घकाळचा आजार मानलं आणि औषधाला आहार-व्यायामाची जोड द्यायला सांगितलं. जोड हा शब्द आपल्याकडे फार सैल वापरतात. डॉक्टर चिठ्ठीवर शेवटी लिहितात आणि केमिस्टला ते दुकानात मिळत नाही म्हणून राहून जातं.

'पण हे सगळं जाहीर का करावं? ज्याचं शरीर, त्याची मर्जी.' मान्य. गावाला सांगू नये. डॉक्टरला तरी सांगावं. थाप इतकी अंगवळणी पडते की माणूस ती भूलतज्ज्ञालाही मारतो, आणि तिथे ती महागात पडू शकते. या औषधानं जठर सावकाश रिकामं होतं. शस्त्रक्रियेआधी उपाशी राहूनही पोटात अन्न असू शकतं, आणि भुलीत ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२३ मध्येच याबद्दल सावध केलं होतं. टर्झेपाटाइडमुळे गर्भनिरोधक गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. तेव्हा 'फक्त चालते' असं सांगणाऱ्या बाईला चालण्याचा एक अनपेक्षित लाभ पाळण्यात दिसू शकतो. आणि ज्याची चर्चाच होत नाही त्याचा काळाबाजार मात्र नीट होतो. भारतात ही औषधं वजनासाठी ३० च्या वरच्या बीएमआयला, किंवा २७ च्या वर असून सोबत रक्तदाब-मधुमेहासारखं काही असेल तर, अशी मंजूर आहेत. मेव्हण्याच्या लग्नात शेरवानी बसावी म्हणून नव्हे. सेमाग्लुटाइडचं इथलं पेटंट मार्च २०२६ मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांचा मार्ग मोकळा झाला. स्वस्त झालं हे उत्तमच; ज्यांना खरी गरज आहे त्यांच्यात लाखोंना ते आजवर परवडत नव्हतं. पण औषध स्वस्त झालं की आपल्याकडे ते आधी नात्यात वाटलं जातं. 'मला लागू पडलं, तूही घे' म्हणून उरलेलं अर्धं पेन भाच्याला देणारे मामा निघणारच आहेत, आणि पेन ज्याचं त्यानेच वापरायचं असतं हे त्यांना कुणीतरी सांगायला हवं.

राहता राहिला आग्रह. यावर अजून कुठल्याही कंपनीचं औषध आलेलं नाही. इंजेक्शन खाणाऱ्याच्या मेंदूवर काम करतं, वाढणाऱ्याच्या नाही. पंगतीत जिलबीचं ताट फिरतं, यजमान हात धरून 'एकानं काय होतंय?' विचारतात, आणि या प्रश्नाचं वैद्यकीय उत्तर आता उपलब्ध आहे. ते पुढच्या दोन तासांत कार्यालयाच्या मागच्या नळावर सगळ्यांना दिसतं. त्यातून सुटलं तरी बारीक झालेल्या माणसाला आपल्याकडे कुणी सुखानं बारीक राहू देत नाही. 'किती वाळलास! शुगर तपासलीस का? घरी सगळं बरं आहे ना?' असं म्हणत आत्या डब्यात बेसनाचे लाडू भरते. अशा वेळी खरं सांगणं हाच त्यातल्या त्यात कमी कॅलरींचा मार्ग आहे. आजार नाही, डॉक्टरांनी दिलेलं इंजेक्शन आहे, आठवड्यातून एकदा. आत्या लाडूंचा डबा बाजूला ठेवते, खुर्ची जवळ ओढते आणि आवाज खाली आणून डॉक्टरचं नाव आणि फी विचारते. आपल्यालाही घ्यायचंय म्हणते; फक्त एक शंका आहे. तिचा वार सोमवार येतो, आणि सोमवारी तिचा उपास असतो. ते इंजेक्शन उपासाला चालतं का? चालतं, आत्या. साबुदाण्याच्या खिचडीचं मात्र डॉक्टरांना विचारू नकोस.